सीटखालचा डबा

२ फेब्रुवारी, रविवार

डबा आला! शाळेच्या दप्तराएवढा आहे, सीटखाली बरोबर सरकतो. अॅम्प्लिफायर त्याच्या पोटातच, म्हणजे वेगळं काही घ्यायला नको. दुकानदार म्हणाला, "काका, सीट हादरेल." म्हटलं, हादरू दे!

हिने खोक्याकडे बघितलं आणि काहीतरी म्हणाली. मी हो हो म्हटलं. ही आत निघून गेली.

का घेतला ते एकदा लिहून ठेवतो. हल्ली गाडीतली गाणी गोधडीतून आल्यासारखी येतात. शब्द कळत नाहीत, जीवच नाही गाण्यात. दुकानदार म्हणाला, जुने स्पीकर, सबवूफर लावा, म्हणजे हा जाड आवाजाचा डबा. हे झालं वरचं कारण. खरं कारण असं, की ही बोलत नाही. पूर्वी रविवारी तळ्यापर्यंत गाडीने जायचो तर जाताना येताना हिचं तोंड बंद नसायचं. ऑफिस, हिची ताई, शेजारीण, परत ताई. डोकं उठायचं माझं. आता वर्षभर नुसती खिडकीतून बाहेर बघते. काय झालं विचारलं तर काही नाही. निदान गाणी तरी दणक्यात लागू देत. पूर्वी ही डॅशबोर्डवर बोटांनी ठेका धरायची. तेवढं झालं, तरी डब्याचं सार्थक.

४ फेब्रुवारी, मंगळवार

डब्याबरोबरचा कागद वाचला. पुन्हा वाचला. उलटा धरून वाचला असता तरी तेवढंच कळलं असतं. लाल वायर बॅटरीला, काळी गाडीच्या पत्र्याला, इथपर्यंत ठीक. जोडवायरीतून गाणं येणार, तेही ठीक. मग ही निळी कशाला? मेव्हण्याला फोन केला. हिचा धाकटा भाऊ, त्याला सगळ्यातलं सगळं कळतं. "भाऊजी, टेप चालू झाला की डब्याला 'ऊठ' म्हणून सांगते ती." बाकी काय म्हणाला ते नीट कळलं नाही, फोनच खराब आहे त्याचा. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय!

८ फेब्रुवारी, शनिवार

बसवला! कंबरेचा काटा ढिला झाला.

आधी बॅटरीची काळी तार सोडली, ठिणगी नको. लाल वायर इंजिनाच्या भिंतीतल्या रबरातून आत घ्यायला हँगर सरळ केला, त्याच्या टोकाला वायर बांधली, ओढली. अडली. शिव्या दिल्या. आली! ड्रायव्हरच्या बाजूचा गालिचा उचलला आणि लाल वायर, गाण्याची वायर, दोन्ही एकाच चरात टाकून मोकळा झालो. दोनदा गालिचा कोण उचकटणार? काळी सीटच्या बोल्टाखाली दाबली.

टेप लावला. ढिम्म! डबा मेल्यासारखा. अर्धी दुपार एकेक जोड चाचपला. काही समजेना. शेवटी घाम पुसायला खिशातून रुमाल काढला, तर फ्यूज खाली पडला. खिशातच होता! बॅटरीजवळची त्याची डबी रिकामी.

फ्यूज घातला आणि — धाड! सीट हादरली, आरसा थरथरला, माझ्या पाठीला गुदगुल्या झाल्या. तीस वर्षं कारखान्यात पत्रे दाबायच्या प्रेसवर काढली, तिथली जमीन अशी हादरायची. आपलीच पाठ थोपटून घेतली.

९ फेब्रुवारी, रविवार

हिला घेऊन निघालो. गाणं हिच्या आवडीचं. चौक ओलांडला नाही तोच हिने कान झाकून घेतले. "शिट्टी!" कसली शिट्टी? ओरडून म्हणाली, "शिट्टी वाजतेय! गाडी पळवली की वाढतेय!"

गाणं बंद केलं. ऐकलं. काहीच नाही! गाडी पळवली, हळू केली, परत पळवली. काही नाही. म्हटलं, तुझ्या डोक्यात वाजतेय. पुढच्या वळणावर हिने गाडी थांबवायला लावली आणि चालत घरी आली.

ठेका राहिला बाजूलाच.

१० फेब्रुवारी, सोमवार

खोड काढायचीच म्हटलं की शिट्टीसुद्धा वाजते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मेव्हणा आला. गाडीत बसला आणि लगेच कडू औषध प्यायल्यासारखं तोंड केलं. "भाऊजी, कान किटले! अल्टरनेटरची शिट्टी आहे ही, बॅटरी चार्ज करतो ना, त्याची. अर्थिंगची काळी वायर नीट बसली नसणार, नाहीतर दोन्ही वायरी शेजारी शेजारी टाकल्या असणार." शेजारीच टाकल्यात, मी म्हटलं. "तुम्हाला येत नाही ऐकू?" येते की थोडी, असं ठोकून दिलं. का दिलं, कोण जाणे.

नंतर दोघं भावंडं स्वयंपाकघरात कुजबुजत बसली. मी गेलो की गप्प. यांचं काय शिजतंय, काही कळत नाही. माझ्याच घरात मीच पाहुणा!

१५ फेब्रुवारी, शनिवार

गालिचा परत उचकटला. गाण्याची वायर पार पलीकडच्या बाजूने नेली. बोल्टाखालचा रंग पॉलिश कागदाने खरवडून पत्रा चकचकीत केला, काळी वायर घट्ट आवळली.

सगळं केल्यावर बसलो आणि डोक्यात प्रकाश पडला, म्हणजे अंधारच पडला. शिट्टी गेली की आहे, हे मला कळणार कसं? आधीही ऐकू येत नव्हती, आताही येत नाही! हिला बोलावलं. दारात उभी राहिली, म्हणाली, "कमी झाली. आहे अजून." आणि गेली. पान्हा फेकून द्यावासा वाटला. आपण केलेलं काम आपल्याला तपासता येऊ नये, म्हणजे काय!

१६ फेब्रुवारी, रविवार

मेव्हण्याने फोनमध्ये काहीतरी घालून दिलंय. आवाजाच्या रेघा दाखवतं. जाड आवाज डावीकडे, बारीक उजवीकडे. फोन सीटवर ठेवला, गाणं बंद, इंजिन चालू. उजवीकडे एक बारीक रेघ उभी राहिली. ॲक्सिलरेटर दाबला, रेघ सरकत सरकत आणखी उजवीकडे गेली. पाय काढला, परत आली. दाबला, गेली. काढला, आली.

शिट्टी आहे. मी बघतोय ती. आणि ऐकू शून्य!

मग सगळंच आठवायला लागलं. दारावरची चिमणीची बेल, वाजत नाही म्हणून मी सारखे सेल बदलतोय तिचे. शेजारी म्हणाला होता, "काका, बेल दाबून दाबून बोट दुखलं." मी म्हटलं होतं, मालच स्वस्तातला.

घाबरलो. इथे लिहायला काय लाज!

१८ फेब्रुवारी, मंगळवार

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटण. "आवाज आला की दाबा." सुरुवातीला दाबलं चार-पाचदा. मग थांबलो. बराच वेळ थांबलो. म्हटलं, यांचं यंत्र बिघडलं वाटतं. दार उघडून म्हणाल्या, "झाली तपासणी."

कागदावर घसरगुंडीसारखी रेघ काढली होती. जाड आवाज येतात, बारीक येत नाहीत. माणसांचं बोलणं येतं पण अर्धंमुर्धं, आणि हळू बोललं तर तेही नाही. प्रेसवरच्या नोकरीचं सांगितलं, तर विचारलं, "कानात बोळे घालायचात का?" नाही. आणि मग म्हणाल्या, "घरी मिसेसचं बोलणं ऐकू येतं?"

मी म्हटलं, ती हल्ली बोलतच नाही.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "नक्की?"

रस्ताभर तोच शब्द डोक्यात. घरी येऊन हिच्या तोंडाकडे बघत बसलो. ओठ हलतात, म्हणजे जेवतेय की बोलतेय? "काय बघताय?" हे मात्र आलं ऐकू. काही नाही म्हटलं.

सोमवारपासून कानाचं यंत्र मिळणार, आधी वापरून बघायला. हिला सांगितलं नाही. बहिरा म्हणवून घ्यायला जीभ रेटत नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

शिट्टी मारली! डोळ्यांनी मारली! फोन समोर ठेवून काळी वायर एकेका बोल्टाला लावून बघितली. दाराजवळच्या बोल्टाला लावली आणि रेघ आडवी झाली. ॲक्सिलरेटर दाबला तरी उठली नाही.

हिला बसवलं. "गेली की हो!" आणि हसली! किती दिवसांनी हसली. मग तसंच हसता हसता रस्त्याकडे बघत आणखी काहीतरी विचारलं. मी आनंदात होतो, हो म्हणून टाकलं. हसू कुठल्या कुठे गेलं.

काय विचारलं असेल? परत विचारायचा धीर होत नाही. परत विचारलं की कळणार, पहिलं ऐकलंच नव्हतं. इकडे आड, तिकडे विहीर.

२४ फेब्रुवारी, सोमवार

यंत्र कानामागे, केसांत दिसत नाही. दवाखान्यातून बाहेर पडलो आणि दचकलोच! माझ्या चपला वाजतात. खिशातल्या किल्ल्या वाजतात. पेपरची पानं उलटली तर कुणी काहीतरी फाडतंय असं वाटलं. कुणी बघत नव्हतं तेव्हा दाराबाहेर जाऊन आपलीच बेल वाजवली. चिमणी! साधी चिमणी, आणि मला रडू फुटलं.

घरी आल्यावर काढून ठेवलं. उद्या ऑफिसातून हिला आणायला जायचं, यंत्र घालून, काही न सांगता. म्हणेल, आज कसे काय बरोबर उत्तर देताय? गंमत येईल.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

ही गाडीत बसली आणि दार लागायच्या आत बोलायला लागली. हळू, जवळजवळ पुटपुटत, खिडकीकडे बघत. ऑफिसातली नवीन बाई, साहेबांचा पंखा, चपलेचा तुटलेला पट्टा. थांबेच ना! म्हणजे ही बोलतच होती. वर्षभर. मी आनंदाने तोंड दाबून ऐकत होतो. आता बोलावं, आता चकित करावं, असं चाललं होतं.

आणि मग त्याच आवाजात, पट्ट्याचं सांगावं तसं — "रविवारी ताईकडे जाते. परत यायचं नाही आता. शनिवारी गाडीत तुम्हाला विचारलं होतं, जाऊ का म्हणून. भिंतीला विचारलेलं बरं, भिंत निदान हो तरी म्हणत नाही."

गाडी कशीबशी घरी आणली. आल्यावर हिचं कपाट उघडलं. दोनच साड्या उरल्यात.

ही आतल्या खोलीत आहे. एकटीच बोलतेय. शब्द न् शब्द येतोय.

आत जातो. बाकीचं काय सुचेल ते सुचेल. आधी एवढंच सांगतो, की मला ऐकू येतंय.