आखूड नळीची रायफल

अहो, ऐकलंसा का,

तुम्हाला जाऊन वर्ष उलटलं आणि आज पहिल्यांदा तुम्हाला लिहायला बसले, कारण काल मी एक गोष्ट तुम्हाला न विचारता केली. आपल्या दोन रायफलींमधली एक घरी आणली आणि दुसरी कोल्हापुरात बंदुकांच्या दुकानात विकायला ठेवून आले. कुठली ठेवली हे कळल्यावर तुम्ही तोंड फिरवून बसाल. म्हणून आधी सगळं ऐकून घ्या.

तुम्ही गेलात तसं पोलिसांनी सांगितलं, परवाना तुमच्या नावाचा होता, आता हत्यार घरात ठेवता येणार नाही. दोन्ही रायफली दुकानात जमा केल्या. त्या हंगामात राखणीला घरात काहीच नव्हतं. जंगलाकडच्या तुकड्यात भात निसवलं, लोंब्या बाहेर पडल्या आणि आधी गवे उतरले, मागनं डुकरं. मी पत्र्याचा डबा बडवत बांधावर उभी. डुकरं मान वर करून बघायची आणि परत खायला लागायची. डब्याला कोण भितंय? सुगीला त्या तुकड्यातनं नुसता पेंढा आला, तोही तुडवलेला.

धाकटे भाऊजी म्हणाले, "वहिनी, त्यो तुकडा पडीक टाका आता. तुमच्यानं न्हाय व्हायचं." ते काही वाईट मनानं बोलले नाहीत. पण तो तुकडा आपण दोघांनी दगड वेचून केला, माझ्या बोटांची नखं गेली त्यात. पडीक कसा टाकू? मग मीच वारस म्हणून परवान्याला अर्ज केला. बंदूक चालवायचं शिक्षण घ्यावं लागलं. साठीला टेकलेली मी, नातवाच्या वयाच्या पोरांच्या रांगेत उभी. हसलात ना? हसा. परवाना मिळाला, पण एकाच हत्याराचा.

आता तुम्हीच सांगा, कुठली घ्यायची? दोन्ही एकाच कारखान्याच्या. दोन्हींना खाली तीच लिव्हर, ओढून सोडली की नवं काडतूस वर. फरक एवढाच की मामंजींची ती लांब, अष्टकोनी नळीची, आणि दुसरी वीतभर आखूड, गोल नळीची. लांब रायफलीवर तुमचा किती जीव. पावणे आले की तीच काढून दाखवायचात, "ही खरी रायफल" म्हणायचात. आखूड रायफलीबद्दल चांगला शब्द तुमच्या तोंडून कधी ऐकला नाही.

काल भाऊजी सोबत आले होते. दुकानदारानं दोन्ही समोर ठेवल्या तसे ते म्हणाले, "लांबच घ्या की वहिनी. वडलांची हाय ती. भितीवर शोभंल."

मी लांब उचलली. तिचं तोंड लगेच खाली गेलं आणि दस्ता माझ्या काखेत अडकला. लाज वाटली मला. मग आखूड उचलली, तर ती खांद्याला आपसूक येऊन बसली. लिव्हर ओढताना तळहाताची कातडी चिमटली, पण ओढली. दुकानदार म्हणाला, "ताई, राखणीला हीच बरी. नळी आखूड, म्हंजे बार जास्त कानठळ्या बसवतो. तुमचे मालक साफसफाईला सारखी हीच आणायचे. लांब तर नुसती तेल लावून ठेवल्याली हाय."

खरंच की, रानात जाताना तुमच्या खांद्याला कायम आखूडच असायची. म्हणजे काम एकीकडून घ्यायचं आणि कौतुक दुसरीचं करायचं? तुमची ही सवय मला ठाऊक आहे. चहा रोज माझ्या हातचा प्यायलात आणि वाखाणला कायम तुमच्या बहिणीच्या हातचा.

मी भाऊजींना म्हटलं, "भितीवर शोभायला त्यांचा फोटो हाय. मला रानाला पायजे." त्यांनी डोळे पुसले, पण अडवलं नाही. दुकानदार लांब रायफल आत घेऊन गेला तेव्हा मलाही रडू आलं, खोटं कशाला सांगू. मामंजींचा हात लागलेली वस्तू ती. माफ करा मला.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. परत येताना गाडीत भाऊजी हळूच म्हणाले, "वहिनी, खंडेनवमीला हत्याराची पूजा आमची ही करंल. कुंकू तेवढं तुमी लावू नगासा." इतकी वर्षं नवमीला तुम्ही रायफली पाटावर मांडायचात आणि हळदकुंकू मी वाहायची. तेव्हा मला त्या उचलायची मुभा नव्हती, "बाईमाणसाचं काम न्हाय" म्हणायचात. आता सरकारनं उचलायची मुभा दिली, तर घरच्यांनी कुंकवाची काढून घेतली. हा कुठला न्याय हो? भाऊजींनी माझ्यासाठी आपला दिवस मोडला होता, त्यांच्याशी गाडीत भांडावंसं वाटलं नाही.

आज सकाळी जावेकडे गेले आणि स्पष्ट सांगितलं, "पाट मी मांडणार, कुंकूबी मीच लावणार. तुला यायचं असलं तर ये." ती आधी दाराकडे बघत राहिली, भाऊजी ऐकतायत का म्हणून. मग म्हणाली, "येते की अक्का. ताट मी धरते."

तेव्हा शब्द देते तुम्हाला. नवमीला आपल्या रायफलीला माझ्याच हातचं कुंकू लागेल, आणि दुसऱ्या दिवसापासून ती खांद्याला अडकवून मी त्या तुकड्याच्या बांधावर उभी राहीन. यंदाचं भात घरात येणार.

तुमची,
सुनंदा
(परवाना आता माझ्या नावाचा आहे.)