नसलेली रांग

सोमवार, ३ मार्च

पुन्हा तिलाच! प्रेक्षक-पाहणीवरचा माझा निबंध, चौदा पानं, बोटं दुखेपर्यंत लिहिलेला. सरांनी 'बरा' एवढाच शेरा मारून परत दिला. आणि टाचणीचा? वर्गात उभं राहून वाचून दाखवला!

टाचणी हे नाव मी ठेवलंय, फक्त या वहीपुरतं. बारीक, टोकदार, आणि दिसेल तो कागद कुठेतरी टोचून नीट लावणारी. रंगीत चिठ्ठ्या काय, वेगवेगळ्या फायली काय. सर म्हणाले, "कला-व्यवस्थापक असा असतो." मी पहिल्या बाकावर बसून हसत होते. गाल दुखून आले.

बुधवार, ५ मार्च

कळलं एकदाचं. वर्ष संपल्यावर मोठ्या थिएटरच्या मॅनेजरच्या ऑफिसात सहा महिने काम शिकायला आपल्या वर्गातल्या एकाला घेणार आहेत. एकालाच! आम्ही अकरा जण आहोत, पण खरी झुंज दोघींचीच, हे शेंबडं पोरही सांगेल.

मला हवीय ती जागा. त्याच थिएटरात बाबा एकतीस वर्षं डोअरकीपर होते. तिकीट फाडायचं, बॅटरीच्या उजेडात माणसाला खुर्चीपर्यंत पोचवायचं, परत दारात येऊन उभं राहायचं. मॅनेजरच्या केबिनमध्ये त्यांना 'बसा' कधी कुणी म्हटलं नाही. पायपुसण्यावर उभं राहून ऐकायचं आणि वळायचं. मला त्या केबिनमध्ये खुर्चीवर बसायचंय. बस्स.

टाचणीचं काय, तिचे वडील चित्रकार. तिच्यासाठी कुठलंही दार उघडेल.

रविवार, ९ मार्च

बाबांना जागेबद्दल सांगितलं. कप खाली ठेवला, जरा विचार केला आणि म्हणाले, "त्या केबिनला खिडकी आहे का गं? दारातून कधी दिसली नाही मला."

मंगळवार, ११ मार्च

शेवटचं प्रात्यक्षिक ठरलं. बाविसाव्या तारखेला, त्याच थिएटरात, वर्गानं मिळून गाण्याची एक संध्याकाळ करायची. फक्त निमंत्रितांसाठी. त्यावरच जागेचा निकाल.

कामं वाटली. टाचणीकडे आसनव्यवस्था आणि प्रवेशिका. माझ्याकडे दार. दार! "तुझ्या रक्तातच आहे ते," सर म्हणाले. कौतुकानंच म्हणाले बहुतेक. पण सगळे खो खो हसले आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. टाचणी तेवढी हसली नाही. न हसण्यातही हिचा शिष्टपणा!

शुक्रवार, १४ मार्च

आज टाचणी माझ्याकडे आली. हातात आसनांचा नकाशा. "एकदा नजर टाकशील का गं? तुला ते थिएटर माहीत आहे."

सुंदर नकाशा. जळफळाट व्हावा इतका सुंदर. सोळा रांगा तिनं स्वतः जाऊन मोजल्यात, प्रत्येकीला वेगळा रंग. ए, बी, सी करत पार पीपर्यंत. एच, आय, जे...

आय!

त्या थिएटरात आय रांगच नाही! अंधारात आय आणि इंग्रजी एकचा आकडा सारखेच दिसतात, म्हणून खुर्च्यांवर एचनंतर थेट जे आहे. मला हे कसं माहीत नसेल? मी इंग्रजी अक्षरं शिकले ती त्या खुर्च्यांवरून. दुपारी हॉल रिकामा असायचा, बाबा बॅटरी एकेका अक्षरावर धरायचे आणि मी ओरडायची. शाळेत गेले तर एचनंतर जे म्हटलं म्हणून बाईंनी फुटपट्टी मारली होती! बाबा अजून प्रत्येक पाहुण्याला हा किस्सा सांगतात. "माझ्या थिएटरपायी पोरीनं मार खाल्ला," म्हणतात आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात.

आणि टाचणीनं खास पाहुणे नेमके आय रांगेत बसवलेत. "मधली रांग, तिथे आवाज सगळ्यात छान येतो ना?"

मी नकाशा दोनदा पाहिला. म्हटलं, "मस्त झालाय."

तिनं माझा हात दाबला. हात गार होता तिचा.

मंगळवार, १८ मार्च

प्रवेशिका छापायला उद्या जाणार. अजून सांगता येईल.

बुधवार, १९ मार्च

गेल्या छापायला. मूग गिळून बसले मी. का सांगू? परीक्षा आहे. परीक्षेत शेजारचीचं गणित कोण सुधारतं? आणि सरांना कळू दे ना, रंगीत चिठ्ठ्यांनी थिएटर चालत नाही ते!

रविवार, २३ मार्च

काल झालं ते लिहिते.

दार उघडलं. पहिली पंधरा मिनिटं सुरळीत. मग आय रांगेची माणसं यायला लागली. बावीस जण. म्हातारे गवई, बासरीवाले, एक काठी टेकत आलेल्या नृत्याच्या बाई. एच पाहायचे, जे पाहायचे, पुन्हा एचकडे यायचे. "अहो, आमची रांग कुठाय?" टाचणी धावत आली, खुर्च्यांवरची अक्षरं वाचत गेली आणि जागच्या जागी पांढरी पडली. मला वाटलं होतं, तेव्हा मजा येईल. आली. खोटं कशाला लिहू? एक क्षणभर आली.

मग दारात बाबा!

इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. मला पत्ताच नव्हता. टाचणीनं फोन करून बोलावलं होतं, 'तिला सांगू नका' म्हणून. पाकीट त्यांच्या हातात तिनं थिएटरच्या पायऱ्यांवरच दिलेलं. त्यांनी चष्मा लावून प्रवेशिका बाहेर काढली. आय, अकरा. मधोमध, खास पाहुण्यांत. एकतीस वर्षांत त्या हॉलमध्ये बाबा एकदाही बसले नव्हते.

"आय?" म्हणाले. आणि माझ्याकडे बघितलं.

"अय्या," मी म्हटलं, "माझ्या लक्षातच नाही आलं!"

बाबांनी प्रवेशिका खिशात ठेवली. माझ्या हातातली बॅटरी घेतली. "रांगा सोळा मोजल्यात, अक्षरं सरळ लावलीत. म्हणजे प्रवेशिका पीला संपल्या, शेवटची क्यू रांग रिकामी असणार. या, माझ्यामागून या सगळे." एकेकाला हात धरून नेलं. नृत्याच्या बाईंना कडेची खुर्ची दिली, काठी ठेवायला जागा हवी म्हणून. स्वतः बसले नाहीत. कार्यक्रमभर दाराशी उभे, बॅटरी खाली धरून. जुन्या जागेवर.



सोमवार, २४ मार्च

सरांनी वर्गात टाचणीला उभं केलं. "प्रवेशिका छापण्याआधी नकाशा कुणाला दाखवला नव्हतास?"

मी वहीत डोकं घातलं.

"नाही सर," ती म्हणाली. "दाखवायला हवा होता. हिला विचारलं असतं तर झालंच नसतं."

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी सुटले! आणि मग असा राग आला, असा राग आला! चांगुलपणातही हिनं माझ्या पुढेच असायचं का? तिला कळलंय का? कळलं असणारच. मग बोलत का नाही? भांडली असती तर बरं झालं असतं. चार शब्द मीही सुनावले असते.

मंगळवार, २५ मार्च

जागा मला मिळाली.

सर म्हणाले, "दार तू आणि वडिलांनी सांभाळलंत. आणि तिनंच तुझं नाव सुचवलं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनंही.

बुधवार, २६ मार्च

आज धीर करून बाबांना जागा मिळाल्याचं सांगितलं. त्यांनी पेपर बाजूला ठेवला. खिडकीचं नाव काढलं नाही. मग लहानपणी विचारायचे तसंच, अगदी हळू विचारलं, "एचनंतर काय येतं गं?"

"जे," मी म्हटलं.