मागच्या खोलीतल्या फ्रीजरची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, बालरोगांची निवृत्त संशोधक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि स्वखुशीने लिहीत आहे. माझ्यावर कोणा माणसाचा दबाव नाही. मागच्या खोलीतल्या फ्रीजरचा आहे, आणि त्याचीच व्यवस्था लावायला बसले आहे.

कलम १. राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एक मुलीला. यावर दुसरे कोणी हक्क सांगेल असे वाटत नाही. या घरात एक रात्र काढलेला पाहुणा सहसा पुन्हा येत नाही. फ्रीजरची घरघर भिंतीतून ऐकू येते. मुलीचे बाबा त्याला "ही माझी सवत" म्हणत. त्यांचा समुद्र बघायचा राहून गेला. तिकिटे काढली की नेमकी वीज जायची, आणि फ्रीजरचा जनरेटर चालवायला मी घरी थांबायची. शेवटी त्यांनी तिकिटे काढणेच सोडले. याचे मला फार वाईट वाटते.

कलम २. फ्रीजरमध्ये काय आहे ते स्पष्ट लिहिते, कारण शेजारीपाजारी नाही नाही ते बोलतात. त्यात तान्ह्या मुलांच्या शीचे नमुने आहेत. पहिल्या वर्षात सर्दी, कानदुखी, जुलाब झालेल्या मुलांच्या आतड्यात कोणते जंतू टिकतात आणि पुढे त्यांतल्या कोणाला दमा होतो, हे मला शोधायचे होते. उत्तर अर्धे मिळाले. उरलेल्या अर्ध्यासाठी संस्थेत जागा नव्हती. "बाई, आता हे जाळून टाका," असे आमचे संचालक म्हणाले. मी नमुने घरी आणले. संचालकांना मी काहीही ठेवलेले नाही.

कलम ३. पहिली कुपी माझ्या मुलीची आहे. लहानपणी तिच्या छातीत शिट्टी वाजायची, तिथूनच हे काम सुरू झाले. हे तिला कळले आणि तीही अडकली. परगावची नोकरी चालून आली, एक भला मुलगा विचारत आला. दोन्ही वेळा तिचे उत्तर एकच: "फ्रीजर कोण बघणार? माझ्यामुळेच सुरू झालं ना हे सगळं." मी तिला जा म्हणते. पण फ्रीजरची धोक्याची घंटा वाजली की हाकही मीच मारते, कारण माझे गुडघे साथ देत नाहीत.

कलम ४. म्हणून फ्रीजर मुलीला मिळणार नाही. माझ्यामागे माझ्या जुन्या विद्यार्थिनीच्या प्रयोगशाळेला कळवावे. महिन्याभरात तिची गाडी आली तर नमुने तिचे. नाही आली, तर फ्रीजरच्या मिस्त्रीने बटण बंद करावे आणि कुप्या रुग्णालयाच्या भट्टीत जाऊ द्याव्यात. हे लिहिताना हात अडला, पण लिहिले आहे. मुलीने त्या दिवशी घरात थांबू नये. समुद्र बघायला जावे, दम्याचा पंप विसरू नये.

साक्षीदार: १. कोपऱ्यावरचे औषधवाले. २. फ्रीजरचा मिस्त्री. साक्षीदाराच्या नावे काही ठेवता येत नाही, हे ऐकून तो म्हणाला, "मग मला कशाला साक्षीदार केलंत, बाई? तो जनरेटर तरी मिळाला असता."

सहीबद्दल खुलासा: सही करताना फ्रीजरची घंटा वाजली. मी हाक मारली नव्हती. तरी मुलगी डोक्याला साबण तसाच ठेवून धावत आली. दार नीट लागले नव्हते, एवढेच. सही वाकडी आली आहे, पण बुद्धी ठिकाणावर आहे. कलम चारमधला एकही शब्द आता बदलू नये.

सही
स्थळ: मागची खोली
दिनांक: ३ ऑगस्ट, मुलीचा चाळिसावा वाढदिवस