बेसेल आणि पाव किलो रवा

नेरूळ, रविवार

प्रिय वैजयंती,

सप्रेम नमस्कार. गुडघा काय म्हणतो? कॉन्व्हेंटच्या मधल्या सुट्टीत डब्याच्या झाकणावर साखर पसरून आपण खालून टिचक्या मारायचो, आठवतं? साखर नाचायची आणि सिस्टर झाकण जप्त करायच्या. पुढे तू गणित घेऊन बी.एस्सी. झालीस. मी गणिताच्या प्राध्यापकाशी लग्न केलं आणि आपला या विषयाशी संबंध संपला असं समजले.

आता सुभाष नाहीत आणि आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला जातेय. महिनाअखेर हे घर रिकामं करून भाड्याच्या घरात जायचं. अभिराम पुण्याहून फोनवर हुकूम सोडतो, "आई, बाबांची पुस्तकं रद्दीत दे. सगळं नेटवर आहे." पण हा माणूस जन्मभर जेवता जेवता घास हातात धरून कशाचा विचार करायचा, हे कळल्याशिवाय कशी देऊ? (मला इतकी वर्षं वाटायचं, आमटीत मीठ कमी आहे.)

म्हणून वरच्या मजल्यावरच्या उत्कर्षाला धरलं. ती फिजिक्स करते. म्हणाली, "काकू, टेन्शन नको. काकांची पुस्तकं स्पेशल फंक्शन्सची आहेत, म्हणजे गणितातल्या खास सूत्रांची." पहिल्या दिवशी गॅमा. चार माणसं रांगेत किती तऱ्हांनी उभी राहतील, हे आपण मोजू शकतो; गॅमा म्हणे साडेतीन माणसांचंही उत्तर देते. अर्धा माणूस कुठून आणायचा, विचारलं तर ती हसतच सुटली. (मला तरी जेवताना मोबाइल बघणारा अभिराम आठवला.) मग बेसेल. ढोलाचं कातडं कसं थरथरतं, ते बेसेलला विचारायचं. मी म्हटलं, दाखव.

सोसायटीचा ढोल सध्या आमच्याच हॉलमध्ये आहे, कारण ऑफिस आधीच रिकामं झालं. ढोल उभा करून मी वरच्या कातड्यावर पाव किलो रवा पसरला. (उत्कर्षा चिमूटभर म्हणाली होती. पण चिमूटभर रव्यानं आजवर काय झालंय?) तेवढ्यात सेक्रेटरी मानसिंगभाऊ चावी मागायला आले. साताऱ्याचा माणूस! "वैनी, ढोलाला शिरा घालताय व्हय?" शास्त्र चाललंय म्हटलं, तर "मग वाजवल्याबिगर कसं कळणार?" म्हणत त्यांनी टिपरूच हाणलं. रवा छताला, पंख्याला, त्यांच्या मिशीला. मुंग्या अजून येताहेत.

उरलेल्या चिमूटभर रव्यावर उत्कर्षानं खालून स्पीकर लावला, एकच सूर धरून. आणि वैजू, रवा सरकत सरकत गोल कड्यात जाऊन बसला! "काकू, हे बेसेलचं शून्य. सगळा ढोल हलतो, इथं मात्र काहीच हलत नाही." मला काही कळलं नाही. पण सुभाष घास धरून बसायचे ना, अगदी तसंच दिसत होतं ते कडं. मानसिंगभाऊही मिशी न झटकता बघत राहिले.

तुझी,
उज्वला

ता. क. पुस्तकांची वाटणी ठरवलीय. गॅमाचं उत्कर्षाला. लिजांद्र नावाच्या गृहस्थांचं तिच्या कॉलेजला. मानसिंगभाऊंना अर्धा किलो रव्याचे लाडू. अभिरामला बाबांचं टेबल, म्हणजे जेवायला तरी नीट बसेल. रद्दीवाल्याला फक्त वर्तमानपत्रं.

आणखी एक. बेसेलचं जाड पुस्तक तुला. कुरिअरनं पाठवणार नाही. घ्यायला तूच ये आणि मला शिकवून मगच ने. मी किती हळू शिकते, हे तुला ठाऊक आहे. कपडे त्या बेतानं आण.