अर्ध्यात मोडलेला पट

बाबा, यंदा आपल्या गावचा बैलजोड्यांच्या शर्यतीचा शंकरपट अवकाळी पावसानं अर्ध्यातच मोडला. तुम्ही असता तर सकाळीच आभाळाकडे पाहून बैलांसाठी ताडपत्री काढून ठेवली असती. आम्ही मोबाईल पाहत बसलो, त्यात ऊन दाखवत होतं. जोडी काकांची, हाकणारा मी. हो, मीच. कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडलं. भंडाऱ्याच्या बसस्टँडवर एक जण तिच्याबद्दल वाकडं बोलला, मी त्याचं नाक फोडलं, आणि कॉलेजनं मागितलेला माफीनामा काही लिहून दिला नाही. ती म्हणजे तलावाच्या पाळीजवळच्या घरातली. जिच्या वडिलांशी तुम्ही जन्मभर पटात लढलात आणि पट संपला की एका ताटात जेवलात, त्यांची मुलगी. माफी मागून टाक म्हणून ती दोन महिने मागे लागली होती. मग बोलेनाशीच झाली.

तर आमची धाव सकाळीच झाली आणि दुपारपर्यंत आमच्यापेक्षा कमी वेळ कोणालाच लागला नाही. तिच्या वडिलांची जोडी दोरीपाशी येऊन उभी राहिली, झुली उतरल्या, आणि बदाबदा पाऊस. पाच मिनिटांत धावपट्टीचा चिखल. अर्धी मंडळी म्हणाली, जमीन वाळू द्या, उरलेल्या जोड्या मग धावतील. मी मंडपात चढलो, माईक हिसकावला आणि ओरडलो, "ज्याची धाव झाली त्याची झाली! निकाल लावा!" खाली तिचे वडील डोक्यावर पोतं घेऊन उभे होते. तीन वर्षं त्या गोऱ्ह्यांना पोटच्या पोरांसारखं वाढवलं होतं त्यांनी. ते एवढंच म्हणाले, "लावा बाप्पा, लावा. पोराले घाई आहे." लोक हसले. मला पहिलं बक्षीस मिळालं, फ्रीज. तो ट्रॉलीवर चढवून, प्लास्टिक पांघरून, डीजे लावून आम्ही पावसात मिरवत निघालो. ती रस्त्याच्या कडेला छत्री घेऊन उभी होती. किती महिन्यांनी बोलली, आणि काय बोलली! "फ्रीज पावसानं जिंकला, तू कायले नाचून राहिला?"

त्या रात्री मला तुमची थापड आठवली. मी पाचवीत असेन. तुमच्यानंतरच्या जोडीचा एक बैल गुडघ्यावर आला, आणि मी ट्रॅक्टरवर उभा राहून टाळ्या पिटल्या. तुम्ही गर्दी कापत येताय, मला वाटतं शाबासकी द्यायलाच. कानाखाली असा आवाज निघाला की शेजारचा शेंगदाणेवाला थांबला. "दुसऱ्याचा बैल पडला अन् तू टाळ्या पिटून राहिला बे?" मग मला ओढत त्या बैलापाशी नेलंत, आणि त्याच्या गुडघ्याला हळद लागेस्तोवर कासरा माझ्याच हातात. परतताना दुकानातून प्लास्टिकचा काळा गॉगल घेऊन दिलात. "लाव. रडलेले डोये तुया मायले दिसू नको देजो." त्यानंतर दोनच वर्षं होतात तुम्ही.

चौथ्या दिवशी जमीन वाळली. मी तिच्या घरी गेलो. तिचे वडील गोठ्यात होते. म्हटलं, "काका, तुमची धाव राहिली आहे. तुमची जोडी अन् आमची. तुम्ही जिंकले त फ्रीज तुमचा." त्यांनी वैरणीची टोपली खाली ठेवली. "तुया बापानं पाठवलं का तुले?" मी म्हटलं, "हो." ते वळून बैलाच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

घरी आपल्या काकांना मी कसं पटवलं ते विचारू नका. संध्याकाळी दोन्ही जोड्या धावल्या. शाळेच्या गुरुजींनी मोबाईलवर वेळ धरली. डोळ्याचं पातं लवेल एवढ्या फरकानं आम्ही हरलो. फ्रीज पाळीजवळच्या घरी गेला. काकू अजून माझ्याशी बोलत नाहीत, ताट तेवढं आपटतात.

फ्रीज उतरवून दिल्यावर तिच्या आईनं मला ओसरीवर नाही, थेट स्वयंपाकघरात बसवलं, चुलीपाशी. तांदळाच्या पिठाचे गरम वडे वाढले. बाहेर तिचे वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला तीच धाव पुन्हा पुन्हा सांगत होते, उजवा कसा उसळला, डावा कसा दबला. ती पाण्याचा गडवा ठेवायला वाकली आणि हळूच म्हणाली, "मुद्दाम ढिला सोडला ना कासरा? माह्या बाबासाठी?" बाबा, ज्या नजरेनं ती विचारत होती, त्या नजरेसाठी मी चार नाकं फोडली असती. मी हो म्हणून मान हलवली.

मुद्दाम कुठला! जीव खाऊन हाकली मी. घसा बसेस्तोवर ओरडलो. त्यांची जोडी आमच्याहून चांगली आहे, एवढीच गोष्ट. तीन वर्षांच्या मेहनतीवर त्या माणसानं धाव जिंकली, आणि मी वडा खाता खाता ती जीत त्यांच्याच मुलीपुढे त्यांच्याकडून काढून घेतली. आता ती रोज फोन करते. "तू बदलला," म्हणते. तिचे वडील भेटले की मला पाठीवर थाप मारतात, आणि मी खाली पाहतो.

खरं काय ते तिला सांगायचं म्हणून आज सकाळपासून तीनदा फोन हातात घेतला. तिसऱ्यांदा लावलाच, तर तिनं उचलताच विचारलं, "जेवला का?" मी म्हटलं, जेवलो. तेही खोटंच होतं.