मला पाण्याला धाडलंत ती संध्याकाळ

आबा,

काल नातू रतनगडावरून उतरून थेट संगमनेरला माझ्याकडे आला. बरोबर त्याचे मित्र, पाठीवर तंबूच्या पिशव्या, आणि एक केसाळ कुत्रा, गडावर सगळ्यांनी आपापल्या ताटातलं भरवून लाडावलेला. चहा पिता पिता तो मित्रांना सांगत होता, "हे आमच्या रक्तातच आहे. आजीचे वडील साहेब लोकांना डोंगरात न्यायचे, शिकारीला, मासे धरायला. आजीसुद्धा जायची, कुत्रा घेऊन." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सांग ना आजी, कसे होते ते?" मी म्हटलं, फार धाडसी होते. ते काही खोटं नाही. पण तेवढंच सांगितलं आणि तेव्हापासून जीव नुसता जळतोय. तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी आज कितीतरी म्हातारी झाले, पण तुमच्यावरचा राग काही म्हातारा व्हायला तयार नाही.

आई गेल्यावर राजूरच्या घरी मला एकटी ठेवायची कशी, म्हणून तुम्ही मला कॅम्पवर न्यायला लागलात. लढाईचे दिवस होते. नगरच्या छावणीतले साहेब सुट्टी मिळाली की भंडारदऱ्याला यायचे, आणि त्यांच्या राहुट्या, ओझी वाहणारी माणसं, कोंबड्या, वाटा, सगळं तुमच्या हातात असायचं. वयात येणारी पोर गोऱ्यांच्या राहुट्यांत कशाला हिंडवता, म्हणून लोक नावं ठेवायचे. तुम्ही एवढंच म्हणायचात, "माझ्या नजरंसमोर हाय, तितकं बास हाय." मला ते ऐकून अंगावर मूठभर मांस चढायचं. तुमच्या माणसांसाठी नाचणीच्या भाकरी मी थापायची. तीन दगडांची चूल, ओली लाकडं, डोळ्यांतून पाणी, तरी मी राणी होते तिथली. सकाळी तुम्ही साहेबाला घेऊन धरणाच्या काठाला गळ टाकून बसायचात आणि मी थोडी बाजूला, माझा वेगळा गळ टाकून. एकदा साहेबाला दिवसभर काही लागलं नाही आणि मला हातभर मरळ लागली, तेव्हा तुम्ही ती गुपचूप त्याच्या टोपलीत टाकलीत आणि मला डोळा मारलात. मी हसले. तेव्हा मला ती आपल्या दोघांची गंमत वाटली होती.

तांबडा तुम्हीच आणलात. राजूरच्या बाजारातून, फडक्यात गुंडाळून, डोळे नुकते उघडलेलं पिल्लू. माझ्या ओटीत टाकलंत आणि म्हणालात, "ह्ये तुझं. ह्याला तुझ्याबिगर कुनाच्या हातचं खाऊ द्यायचं न्हाई. मीबी देनार न्हाई. एका हातचं कुत्रं इख खात न्हाई, चोराच्या मागं जात न्हाई." डोंगरातली तशी रीतच होती. राखणीच्या कुत्र्याला एकच हात. मी ती रीत जिवापाड पाळली. ताप आला असताना अंथरुणातून उठून त्याला भाकरी घातली. शेजारणीने तुकडा टाकला तर तो हुंगायचा आणि माझ्याकडे बघत बसायचा. डोंगर चढताना तो पुढे असायचा, पण दर वळणावर थांबून मी येतेय ना हे बघून घ्यायचा. तुमचे साहेब दम टाकत मागे राहायचे, त्यांच्यासाठी त्याने कधी मान वळवली नाही. आईनंतर मला असं कुणी वळून वळून पाहिलं नव्हतं.

त्या वेळी रतनगडाच्या पायथ्याला वाघाने वासरं उचलायचा सपाटा लावला होता. आपल्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. साहेबाला त्याचं कातडं हवं होतं. वाघाला बोलवायला म्हणून तुम्ही शेळी आणलीत, कारवीच्या झुडपांच्या कडेला बांधलीत, आणि ती शहाणी शेळी तोंडातून आवाज न काढता पाला चघळत बसली. वाघ फिरकला नाही. साहेबाला दुसऱ्या दिवशी छावणीत हजर व्हायचं होतं, तो तुमच्यावर चिडला होता, आणि त्याने तोंड फिरवलं की पुढचे कॅम्प दुसऱ्याच्या हातात जाणार हे तुम्हाला ठाऊक होतं. हे सगळं मला आज कळतं. तेव्हा मी फक्त भाकरी भाजत होते.

ऊन उतरतंय. तुम्ही चुलीपाशी येता, हातात गुरांचं दावं. म्हणता, "साहेब बंदूक साफ करून बार काढनार हाये. तांबडा बुजून पळंल. खाली हिरड्याच्या झाडाला बांध त्याला, तुझ्या हातानं बांधलास तर गप ऱ्हाईल." मी त्याला नेते. तो शेपूट हलवत येतो, मान पुढे करतो. मी दाव्याची गाठ मारते, पुन्हा ओढून बघते. वर कातळाआड साहेब बंदूक घेऊन बसलाय हे मला कुठून दिसणार? तुम्ही माझ्या हातात हंडा देता. "झऱ्यावर जा, पानी आन. ह्याच्या म्होरूनच जा, आन् मागं बघू नको, न्हाईतर दावं तोडंल." मी त्याच्या समोरून जाते. मागे बघत नाही. आधी तो नुसता कुईकुई करतो, मग भुंकतो, आणि मी झाडीत शिरल्यावर जीव तोडून रडायला लागतो. झऱ्यावर ओझी वाहणारा म्हातारा बसलाय. मी हंडा टाकून परत फिरते तर तो माझं मनगट धरतो. "बस खाली बाय. आबा हाळी देत्याल तवर हालायचं न्हाई म्हनलेत." मी बसते. तांबड्याचं रडणं ऐकत बसते. मग ते एकदम थांबतं, आणि बार होतो.

मी धावत आले तेव्हा वाघ कारवीत मरून पडला होता आणि साहेब हसत होता. तांबड्याचा एक कान फाटला होता, पाठीवर नखं उमटली होती. तुम्ही त्याला दाव्यातून सोडवून छातीशी धरलं होतं, तुमचा सदरा रक्ताने भरला होता. मला म्हणालात, "वाघ चुकून हिकडं आला. मी हुतो म्हनून वाचला बघ." आबा, मी तुमच्या पाया पडले. सगळ्या माणसांसमोर, त्या चिखलात, मी तुमच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तुम्ही मला थोपटलंत. तुमचा हात जरासाही अडखळला नाही.

जखमा भरल्या. पण तांबडा माझ्या हातचं खाईना. मी भाकरी पुढे केली की तो तोंड बाजूला करायचा. मी दुधात कुस्करून दिली, चघळून मऊ करून दिली, ताटली ठेवून दाराआड लपून पाहिलं. शेवटी तुम्ही तुकडा पुढे केलात आणि त्याने तो खाल्ला. त्याच्या लेखी बांधणारी मी, टाकून जाणारी मी, आणि वाघाच्या तोंडातून सोडवणारे तुम्ही. तो तुमच्या खाटेखाली झोपायला लागला. मी रडले तर म्हणालात, "जनावर हाय, इसरंल." आणि त्याच्या फाटक्या कानामागे खाजवत राहिलात. मी मात्र मनाला लावून घेतलं की गाठ मीच मारली, दोष माझाच. तुम्हाला एका शब्दात ते ओझं उतरवता आलं असतं.

मग मला बघायला संगमनेरची मंडळी आली. मी पोह्यांच्या बशा घेऊन दाराआड उभी होते, बाहेरून हाक यायची वाट बघत. तुम्ही रंगात आला होतात. माझे होणारे सासरे शिकारीचा विषय काढून बसले होते. आणि तुम्ही सांगत होतात, "शेळी मुकी निगाली. म्या म्हनलं, शेळी एकटी पडली तर वरडंल न्हाईतर न्हाई, पर कुत्रं आपल्या मानसासाठी रडतंच. एका हातचं कुत्रं हुतं. पोरीलाच बांधाया लावलं, आन् त्याच्या म्होरून धाडली पान्याला. असा इव्हाळला, असा इव्हाळला, वाघ धावतच आला." सगळे हसले. सासरे म्हणाले, माणूस डोकेबाज आहे. तांबडा तुमच्या पायाशी लोळत होता. मग तुम्ही मला हाक मारलीत आणि मी बाहेर येऊन एकेकाच्या पुढे बशी ठेवली. तुमच्याही पुढे ठेवली. मान वर केली नाही म्हणून कौतुक झालं, पोर लाजाळू आहे म्हणाले. लग्न ठरलं.

पहिल्या माहेरपणाला मी तुम्हाला विचारलं. साहेब लोक देश सोडायच्या तयारीला लागले होते, कॅम्प बंद पडले होते, तुम्ही ओसरीवर रिकामे बसून गळाचे दोरे गुंडाळत होतात. मी म्हटलं, आबा, मला सांगायचं तरी होतं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "सांगितलं असतं तर गेली असतीस व्हय?" नसते गेले. ते तुम्हाला नीट माहीत होतं, म्हणूनच सांगितलं नाहीत. पुढे म्हणालात, "आन् मेलं कुठं? जगलंच की कुत्रं." तुम्ही मला मारलं असतंत, घराबाहेर काढलं असतंत, तरी मी कधीतरी विसरले असते. तुम्ही माझं प्रेमच दाव्याला बांधलंत, आणि वर ते चारचौघांत हसत सांगितलंत.

पुढे दोन पावसाळे गेले आणि तुम्ही अंगात ताप मुरून गेलात. मी पोचले तेव्हा तुम्हाला उचलायची तयारी झाली होती. मी कोरडी होते. बायका एकमेकींकडे बघत होत्या. तुम्हाला नेलं, अंगण रिकामं झालं, आणि तुमच्या उघड्या खाटेखाली म्हातारा तांबडा पडलेला दिसला. मी खाली बसून त्याला हाक मारली. आता ह्याला दुसरं कोण आहे, मला वाटलं. त्याने डोकं उचललं, ओळखलं मला, ते त्याच्या डोळ्यांत दिसलं. मग त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. तेव्हा मात्र मला जो हुंदका फुटला तो काही केल्या आवरेना. बायकांनी मला कवटाळलं. आजही राजूरला गेले की कुणीतरी म्हातारी सांगते, पोरीचा बापावर किती जीव होता, काय रडली होती. मी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. हे कागद कुणाला दाखवणारही नाही. पण तुम्हाला तरी ठाऊक असावं, आबा, त्या दिवशी मी तुमच्यासाठी रडले नव्हते.