गारांतली हाक

रविवार, १५ मार्च
सकाळी ऊन, बांधावर गारा, परतताना पुन्हा ऊन. क्लबातले सगळे सायकलीवर आले होते.

डाऊवे,

तुझा भाऊ, माझा नवरा सित्से, जाऊन वर्ष झालं. त्या रविवारीही अशाच गारा होत्या. रांगेत पुढे तू होतास, तुझ्यामागे तो. गाड्या अडवायला सायकलवाटेच्या मधोमध रोवलेला खांब दिसला, की पुढच्यानं ओरडायचं, हा आपला नियम. सित्से खांबावर आदळला.

"मी ओरडलो होतो," दफनाच्या दिवशी तू म्हणालास. "गारांत त्याला ऐकू गेलं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

आज मी सित्सेची सायकल काढली आणि पुढची जागा मागून घेतली. तू माझ्यामागे होतास. गारांच्या माऱ्यात तोच खांब आला. मी ओरडले, "खांब!" तू अलगद बाजूला झालास.

कॅफेत केक खाताना तू हसलास. "काय घसा आहे गं विट्स्के! मेंढरंसुद्धा बिचकली."

"म्हणजे गारांत ऐकू येतं तर," मी म्हटलं.

तुझा केक तसाच राहिला.

हे तुला पाठवणार नाही. ऐकवायचं ते वाटेवरच ऐकवीन. येत्या रविवारी मी पुढे, तू मागे. त्याच्या पुढच्या रविवारीही. प्रत्येक खांबाला ओरडेन.

सित्सेच्या सायकलची साखळी भिजली आहे. ती पुसून तेल घालते, मग झोपेन.

विट्स्के